पाणीमास्तर आणि विभागाची प्रगती

त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक थर्मामीटर असायचा. ताप मोजायचा नव्हे. प्रयोगशाळेतला, लांब, काचेचा, टोकाला कापूस गुंडाळलेला. समोर काहीही पातळ आलं की हात खिशाकडे जायचा. आमच्या कार्यालयातल्या शिपायाच्या मुलीचं लग्न तुमसरला होतं. पंगतीत मठ्ठा वाढणारा त्यांच्यापुढे वाकला तसा त्यांनी त्याला थांबवलं, थर्मामीटर धुतला, पुसला आणि सरळ बादलीत बुडवला. मग लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडा लिहून ठेवला. मुलीचा मामा धावत आला.

"काय साहेब, मठ्ठ्याले ताप आला का?"

"अजून नाही. पण तासाभरात आंबते हा. जल्दी जल्दी वाढा."

सगळी पंगत हसली. ते हसले नाहीत. त्यांनी विनोद केलाच नव्हता.

मी त्यांना सर म्हणत असे. तलावांवरचे लोक पाणीमास्तर म्हणत. त्यांचं नाव इथे लिहीत नाही. एकदा एका कागदावर मी त्यांचं नाव त्यांना न विचारता लिहिलं होतं, त्याचीच ही गोष्ट आहे.

आमचा विभाग विज्ञान, तंत्रज्ञान आणि नवोपक्रमाचा. दिल्लीला त्याची मोठी इमारत असेल. भंडाऱ्याला आमचं उपकेंद्र म्हणजे चार खोल्या, एक लोखंडी जिना आणि गच्चीवर वाऱ्याचा वेग मोजणाऱ्या तीन वाट्या, त्यातली एक माकडाने तोडलेली. माणसं पाच. त्यात विज्ञान करणारा एकच, ते. बाकीचे आम्ही त्या विज्ञानाचा अहवाल पाठवायचो, आणि कागदांवर सही प्रशासन बघणाऱ्या माझी असायची. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलो. वडील कारखान्याच्या बसने वेळेवर जायचे, वेळेवर यायचे, आणि सरकारी कागद कधीही अर्धवट ठेवायचा नाही हे त्यांच्याकडून मी शिकलो. सर दिघोरीकडचे, धानाच्या गावचे. त्यांच्या मते अर्धवट नसलेलं जगात काहीच नव्हतं.

त्यांना "झालं" हा शब्द जमत नसे. जेवण झालं का विचारलं तर म्हणत, "होऊन राहिलं." पुढ्यात डबा रिकामा, हात धुतलेले, तरी होऊन राहिलं. पहिल्यांदा मला तो उद्धटपणा वाटला. नंतर कळलं की ते विचार करून बोलत आहेत. "पोटात गेलं म्हणजे जेवण झालं का बाबू? ते त आता सुरू झालं."

बायको फार पूर्वी वारली होती, मूल नव्हतं. भाड्याच्या एका खोलीत राहायचे. खिडकीत, कपाटावर, पलंगाखाली पाण्याच्या बाटल्या. लाखांदूर तालुक्यातल्या, साकोलीकडच्या तलावांचं पाणी, प्रत्येकीवर चिठ्ठी. काही बाटल्यांत हिरवं काही वाढलं होतं. घरमालकीण एकदा कुरकुरली, तर त्यांनी तिला खुर्चीवर बसवून एकेका तलावाची हकीकत सांगायला सुरुवात केली. ती पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

कार्यालयातून कोणी त्यांच्याकडे जात नसे, मीही दोनदाच गेलो असेन. त्यांची माणसं वेगळी होती. लाखांदूरच्या बाजूला एका जुन्या तलावाकाठी ढिवरांची वस्ती आहे. मासेमारी सोसायटीचे अध्यक्ष बकारामजी आणि त्यांची बायको मंजुळाबाई, यांच्या पडवीत सरांची खाट ठरलेली होती. आठवड्यातून एक दिवस ते तिथे असत. तिथे ते बोलत, गाणीसुद्धा म्हणत असं ऐकलं आहे. माझा विश्वास बसला नव्हता.

त्या तलावावर त्यांनी एक उपकरण बसवलं होतं. पाण्यात विरघळलेला प्राणवायू कमी झाला की मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि वेळेत काही केलं नाही तर मरतात. सरांनी एक कांडी बनवली. ती पाण्यात बुडालेली आणि काठावरच्या खांबावर दोन दिवे. हिरवा म्हणजे पाणी ठीक. लाल म्हणजे पंप लावून पाणी ढवळा. भंगारातून आणि स्वतःच्या पगारातून त्यांनी ते उभं केलं होतं. कांडीचं जादा टोक ते ओल्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात नेत. एसटीचा कंडक्टर विचारायचा, "आज काय भाजी हाय मास्तर?" तर म्हणत, "वांगे हाय. तुले पाहिजे का?"

यंत्र चालत होतं. पण एक दोष होता आणि तो त्यांनी पहिल्याच वर्षी शोधला होता. आठ-दहा दिवसांत कांडीच्या टोकावर शेवाळाचा चिकट पापुद्रा धरायचा. तो धरला की आत काहीही होवो, दिवा हिरवाच. म्हणून आठवड्याला ती बाहेर काढून घासायला हवी. सर स्वतः घासत. यावर उपाय सापडेपर्यंत त्यांच्या लेखी प्रयोग चालूच होता.

एकदा वरून पाहणी पथक आलं. गाड्या तलावाच्या पाळीवर, मातीच्या बांधावर, उभ्या राहिल्या. मंडळींनी हिरवा दिवा पाहून टाळ्या वाजवल्या. पथकप्रमुखांनी कौतुकाने विचारलं, "याची अचूकता किती?"

सर म्हणाले, "धुतला त सोन्यासारखा, साहेब. नाही धुतला त खोटं बोलते. आता या घडीले खोटंच बोलून राहिला. मी मुद्दाम दोन हप्ते धुतला नाही, तुमाले दाखवाले."

त्यांनी पँट गुडघ्यापर्यंत सरकवली, पाण्यात उतरले, कांडी घासली, आणि दिवा सर्वांसमोर लाल झाला. बकारामजी आणि त्यांची माणसं "पाहा, पाहा" करत पंपाकडे धावली. पथकप्रमुख माझ्याकडे बघू लागले. मला तेव्हा सरांची जी चीड आली ती मला आजही स्पष्ट आठवते. परत येताना गाडीत मी म्हणालो, "सर, आजचा दिवस तरी जाऊ द्यायचा होता."

"पाणी जाऊ देते का बाबू?"

यानंतर पोर्टल आलं. विभागाची देशभरातली प्रगती एका पडद्यावर दिसावी म्हणून प्रत्येक प्रकल्पापुढे तीन पर्याय होते: प्रस्तावित, सुरू, पूर्ण. मुदत संपली आणि तरी "सुरू" असेल तर ती ओळ लाल व्हायची. आमच्या उपकेंद्राची एकच ओळ आणि तीच लाल. प्रादेशिक कार्यालयातून दर सोमवारी फोन. "सगळ्या विदर्भात तुमचीच ओळ लाल दिसतेय हो. चालतंय ना ते यंत्र? मग करा ना पूर्ण." वार्षिक पुस्तिका छापायला जाणार होती. तिच्यात देशाचा नकाशा आणि नकाशावर प्रगतीचे ठिपके. भंडाऱ्याचा ठिपका व्हावा असं मलाही वाटत होतं. माझी बढतीची फाईल त्याच टेबलावर होती, हेही लिहायला हवं.

मी "पूर्ण" वर बोट ठेवलं. ओळ हिरवी झाली. एका बोटाचं काम. सरांना मी विचारलं नाही, कारण ते काय म्हणतील ते मला माहीत होतं.

मला वाटलं होतं की हे फक्त पडद्यावरचं आहे. पण सरकारात शब्दाला हातपाय असतात. "पूर्ण" म्हटल्याबरोबर प्रकल्पाचं खातं बंद झालं, सरांचा तलावावरचा दौरा मंजूर होईना, आणि उपकरण सोसायटीला हस्तांतरित करण्याचा कार्यक्रम ठरला. त्यासाठी एक माहितीपत्रक लागत होतं. ते मी लिहिलं. शोधकर्ते म्हणून सरांचं नाव वर, ठळक. खाली मजकूर. वाक्य भारदस्त व्हावं म्हणून मी त्यात लिहिलं, "या उपकरणास कोणत्याही देखभालीची आवश्यकता नाही." आणि कांडीच्या झाकणावर चिकटवायला एक पट्टी छापून घेतली: उघडू नये.

कार्यक्रमाच्या दिवशी सर नागपूरला प्रशिक्षणाला होते. त्यांना तिथे पाठवणाऱ्या आदेशावरही माझीच सही होती. पाहणी पथकाच्या वेळेसारखं पुन्हा व्हायला नको, असं मी स्वतःला सांगितलं. माहितीपत्रक बकारामजींच्या हातात दिलं. त्यांनी ते कपाळाला लावलं.

सर परत आले आणि नेहमीच्या दिवशी, स्वतःच्या पैशाने, रजा टाकून तलावावर गेले. पट्टी फाडून कांडी घासली. पुन्हा गेले. कोणीतरी वर कळवलं. फोन आला, "तुमचा माणूस हस्तांतरित मालमत्तेला हात लावतो म्हणे. एक पत्र काढा." तोंडी सांगता आलं असतं. शेजारच्या खोलीतच तर बसायचे. मी पत्र काढलं: प्रकल्प पूर्ण झालेला असताना आपण विनापरवानगी उपकरण हाताळल्याचे निदर्शनास आले आहे, तीन दिवसांत खुलासा सादर करावा.

ते पत्र घेऊन ते माझ्या टेबलापाशी आले.

"पूर्ण कोणी केला, बाबू?"

"वरून झाला, सर."

"वरून." त्यांनी मान हलवली. "वरून त शेवाळ दिसत नाही ना. बकारामजीले धुवाले सांगतलं का?"

"सांगितलंय," मी म्हणालो.

हे मी खोटं बोललो. संध्याकाळ जवळ आली होती, मला पुस्तिकेचं प्रूफ तपासायचं होतं, आणि त्यांना टेबलापासून हलवायला तो शब्द सोपा होता. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्यानंतर ते तलावावर गेले नाहीत.

श्रावण संपत आला होता. आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. अशा दिवसांतच पाण्यातला प्राणवायू उतरतो. पूर्वी बकारामजी पहाटे उठून स्वतः पाणी बघायचे, वास घ्यायचे. आता ते पडवीतूनच दिवा बघत. दिवा हिरवा होता. सकाळी उजेड झाला तेव्हा तलाव पांढरा दिसत होता. वर्षभर वाढवलेले मासे पोट वर करून काठाला लागले होते.

दुपारी आम्ही पोचलो. प्रादेशिक कार्यालयातले एक अधिकारी, मी आणि सर. वास गाडीतूनच येत होता. बायका टोपल्यांनी मासे काढून खड्ड्यात टाकत होत्या. कोणी रडत नव्हतं. बकारामजी सरांसमोर येऊन उभे राहिले.

"मास्तर, तुमच्या बत्तीच्या भरवशावर झोपलो ना आमी."

"बकारामजी, धुतला नाही का?"

"कायले धुवाव? तुमीच लिहून देल्लं ना, काही करा लागत नाही म्हून." त्यांनी खिशातून माहितीपत्रक काढलं. त्याला प्लॅस्टिकचं वेष्टन केलेलं होतं. "हे पाहा. नाव कोणाचं हाय?"

सरांनी तो कागद पहिल्यांदाच पाहिला. चष्मा वर करून त्यांनी तो सावकाश वाचला. देखभालीच्या वाक्यापाशी ते थांबले हे मला दिसलं. "कोणत्याही", "आवश्यकता": असली भाषा त्यांची नव्हती. ती कोणाची आहे हे ओळखायला त्यांना वेळ लागला नसणार. वीस वर्षं माझे कागद ते वाचत आले होते. त्यांनी कागद घडी करून परत दिला.

"हो जी. नाव मायंच हाय."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. बगलेत फाईल होती. तिच्यात ते पत्र, तो आदेश, माहितीपत्रकाचा माझ्या अक्षरातला मसुदा, सगळं होतं. अधिकारी काहीतरी बोलत होते. कोणीतरी ओरडलं, "आमच्या घरचं खाऊन आमालेच बुडवलं." सर ऐकत राहिले. मी फाईल दुसऱ्या बगलेत घेतली.

चौकशीत "उपकरणातील तांत्रिक त्रुटी" असं ठरलं. त्रुटीला सही लागत नाही. पुस्तिका तोवर छापून आली होती. भंडाऱ्यावर ठिपका होता. मला बढती मिळाली. सर पुढच्या वर्षी निवृत्त झाले. निरोप समारंभाला ते आले नाहीत. आम्ही शाल त्यांच्या घरमालकिणीकडे ठेवून आलो.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. या सहा वर्षांत मी त्यांना बाजारात, बसस्थानकावर लांबून पाहिलं आणि प्रत्येक वेळी रस्ता बदलला. मागच्या महिन्यात घरमालकीण औषधाच्या दुकानात भेटली. म्हणाली, "तुमचे सर कोणाशीच बोलत नाहीत हो. सकाळी नदीवर जातात आणि परत येतात. त्या बाटल्यासुद्धा सगळ्या ओतून टाकल्या."

बाटल्या ओतल्या हे ऐकून मला दुकानात उभं राहवेना. त्याच दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. खोली स्वच्छ होती. इतकी स्वच्छ खोली मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मी सगळं सांगितलं: बोट ठेवल्यापासून, नागपूरच्या आदेशापासून, "सांगितलंय" म्हणालो तिथपर्यंत. ते भिंतीकडे बघत होते.

"कागद तुया हाय हे त मले तवाच समजलं," ते म्हणाले. "पण तू सांगतलंय म्हणाला होता ना. ते मले खरं वाटलं. मले वाटे, सांगूनबी त्यायनं धुतलं नाही. सहा वरस मी मनात त्यायलेच दोष देऊन राहिलो, बाबू."

मी पाया पडायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

"मले कायले सांगतं? तिकडे जाऊन सांग."

"तुम्ही चला बरोबर."

"मी आलो त ते मले पाहतीन. तुयं ऐकणार नाहीत."

पुढच्या रविवारी मी एकटा गेलो. सोसायटीची बैठक त्या दिवशी होती. वीस-पंचवीस माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर होती. मी कागद काढले आणि वाचले. पत्र वाचलं, मसुदा वाचला, खाली सही कोणाची आहे ते दाखवलं. बकारामजी म्हातारे दिसत होते.

"तवाच काहून नाही बोलले?"

"भीती वाटली."

"कायची? नोकरी जात होती का?"

"नाही. नोकरी गेली नसती. फार तर बदली झाली असती."

"बदली," ते म्हणाले. मागून कोणीतरी म्हणालं, "गडचिरोलीले गेले असते साहेब, अन् का." कोणी हसलं नाही.

मंजुळाबाई खांबाला टेकून बसल्या होत्या. त्या माझ्याशी नाही, नवऱ्याशी बोलल्या. "मास्तर एकडाव आले होते, त्या दिवाळीत. तुमी घरी नोहते. मी त्यायले दारातून परत धाडलं. पाणीबी नाही विचारलं. उभेच होते बिचारे, डबा घेऊन." त्या उठल्या, पदर तोंडाला लावून घरात गेल्या आणि बाहेर आल्या नाहीत. बैठक तशीच मोडली. मला कोणी जा म्हणालं नाही, बस म्हणालं नाही. पाळीवर गाडी लावली होती, तिथपर्यंत मी चालत गेलो.

विभागाला मी लेखी कळवलं आहे. उत्तर आलं की पोर्टलवर "पूर्ण" मागे घेण्याची सोय नाही. माझ्यावर काय कारवाई करायची ते विचाराधीन आहे.

त्या बैठकीनंतर चारच दिवसांनी बकारामजी आणि मंजुळाबाई भंडाऱ्याला येऊन सरांना घेऊन गेले, हे मला घरमालकिणीने सांगितलं. खोलीत सर पिशवी शोधत राहिले म्हणे. मग मंजुळाबाईंनीच त्यांच्या दोन शर्टांची घडी केली.

परवा सरांचा फोन आला. सहा वर्षांतला पहिला. "इतवारी तलावावर ये. बादली धराले माणूस लागते." एवढंच.

रविवारी मी गेलो. ते पाण्यात कमरेपर्यंत उभे होते. नवी कांडी आहे, अजून दिवा बसवलेला नाही. सकाळभर ते सगळ्यांशी बोलले. बकारामजींशी भांडले, बायकांच्या थट्टेला उत्तरं दिली. माझ्याशी एक शब्द नाही. मी बादली धरून गुडघाभर पाण्यात होतो. बाहेर पडताना पाळीच्या चिखलावर त्यांचा पाय सरकला आणि त्यांनी माझा खांदा धरला. घट्ट, पूर्ण भार टाकून. वर आले, उभे राहिले, श्वास घेतला. मग खांदा सोडून ते पुढे निघाले. मी बादली घेऊन मागे चालू लागलो.